लठ्ठपणाचं मूळ शोधताना

‘खाण्यावर ताबा ठेवा’ हा लठ्ठ माणसाला मिळणारा सर्वात जुना सल्ला. वैद्यकशास्त्रही बराच काळ याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं. वजन आणि उंचीचं गणित बेल्जियमच्या आदोल्फ केटले यांनी 1830च्या दशकातच मांडलं होतं. 1972मध्ये अॅन्सेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. पण आकडा हाती असला तरी वजन का वाढतं, ते त्यातून कळत नव्हतं.

माणूस कसलं काम करतो, याकडे लक्ष वेधलं लंडनच्या बसगाड्यांनी. दुमजली बसचा वाहक दिवसभर जिने चढतो-उतरतो, चालक बसूनच असतो. चालकांना हृदयविकार जास्त होतो, हे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी 1953मध्ये दाखवलं. तीन वर्षांनी त्यांच्या गटाने गणवेशाच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या पँटी कमरेला मोठ्या होत्या, अगदी तरुण चालकांच्यासुद्धा. मग बसून राहिल्याने कंबर वाढली, की मुळात जाड असलेले लोक चालक झाले? हा पेच त्यांनी लपवला नाही, म्हणून मला ते काम फार मोलाचं वाटतं.

पुढच्या वाटचालीत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. सकाळी भूक नाही, रात्री खाणं आणि झोप उडालेली, अशा रुग्णांचं वर्णन त्यांनी 1955मध्ये केलं आणि त्याचा संबंध मानसिक ताणाशी जोडला. 1965मध्ये मॅनहॅटनमधल्या पाहणीतून त्यांच्या गटाने दाखवलं, की खालच्या आर्थिक-सामाजिक स्तरातल्या 30 टक्के स्त्रिया लठ्ठ होत्या, वरच्या स्तरातल्या फक्त 5 टक्के. 1989मध्ये जेफ्री सोबल यांच्यासह त्यांनी 144 अभ्यास एकत्र वाचले. श्रीमंत देशांतल्या स्त्रियांमध्ये गरिबीसोबत लठ्ठपणा वाढत होता, विकसनशील देशांत मात्र चित्र उलटं होतं. एकच गरिबी, परिणाम वेगळे. मग दोष फक्त इच्छाशक्तीचा कसा?

याच स्टंकर्ड यांनी 1986मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदींतून आनुवंशिकतेचं वजनही दाखवून दिलं. मोठेपणी या मुलांची शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळत होती, सांभाळणाऱ्यांशी नाही.

तरीही 1990 ते 2022 या काळात जगभरातलं प्रौढांमधलं लठ्ठपणाचं प्रमाण दुपटीहून वाढलं. जनुकं इतक्या लवकर बदलत नाहीत. मग कारण भोवतालात शोधलं गेलं. जवळचा मित्र लठ्ठ झाला तर आपली शक्यताही वाढते, असा निष्कर्ष 2007मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात अनेक दशकं चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासाच्या नोंदींवरून काढला गेला. त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी बरेच आक्षेप घेतले. 2019चा केव्हिन हॉल यांचा प्रयोग छोटा, 20 जणांचाच, पण अधिक भक्कम. हवं तेवढं खायची मुभा असताना अतिप्रक्रिया केलेल्या, म्हणजे कारखान्यात बनलेल्या तयार अन्नावर असताना लोक कमी प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या तुलनेत रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते.

वजनावरून हिणवण्याचाही आता अभ्यास होतो. ज्यांना हिणवलं जातं, ते डॉक्टरकडे जायचं टाळतात, व्यायामापासून दूर राहतात आणि त्यांचं वजन पुढे वाढण्याची शक्यता जास्त असते.