फवारणीचं विष फक्त नाकातोंडातून जात नाही

तोंडाला रुमाल बांधला की फवारणी बाधत नाही, हा समज गावोगाव पक्का आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशक औषधं कातडीतूनही रक्तात उतरतात; गळक्या पंपाने भिजलेली पाठ हा तर त्यांचा हमरस्ता. नसांचा इशारा वेळेवर थांबवणारं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात, मग नसांकडून स्नायूंना जाणारा इशारा थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो.

भिजलेले कपडे लगेच उतरवा. साबणाने, भरपूर पाण्याने धुवा. केस आणि नखांखालीही. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. दूध पाजत बसू नका (त्याने काहीही उतरत नाही). डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. तिथे अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध शिरेतून देतात, छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा.