मांजराला दूध-पोळी पुरते?

‘मांजर पाळणं सोपं, दोन वेळा दुधात पोळी कुस्करून दिली की झालं’, हा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय. मांजर ती वाटी चाटूनपुसून साफ करतं, हे खरं. पण आवडणं वेगळं, मानवणं वेगळं.

पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज भरपूर असतं. आईचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. एखाद्या मांजराला चमचाभर दूध सोसतंही, पण मोठ्या मांजराला दुधाची गरज नसते. प्यायला स्वच्छ पाणी हवं.

खरा घोळ पोळीचा आहे. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. मांस-मासळीत ते असतं, गव्हात नसतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचा स्नायू दुबळा पडतो. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवला, तेव्हा तयार कॅटफूडमधलं टॉरिनही वाढवलं गेलं.

घरात मांस-मासळी शिजत नसेल, तर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं कॅटफूड आणा. शिजत असेल, तरी रश्शातला तुकडा धुऊन देऊ नका; कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. चिकन वेगळं उकडा, बिनमिठाचं, हाडं काढून. तेही वरखाणं म्हणूनच, कारण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरेसं नसतं.