गॅरामंड (अक्षरवळण)

रोमन लिपीतील जुन्या घाटाचे, पुस्तकी मजकुरासाठी नावाजलेले सेरिफ (अक्षरांच्या टोकांना लहान आडव्या रेघा असलेले) अक्षरवळण. क्लोद गारामाँ (मृत्यू १५६१) या पॅरिसच्या मुद्राक्षरकाराच्या नावाने ते ओळखले जाते. त्याचा जन्म जुने ग्रंथ १४८० ते १५०० च्या दरम्यान धरत. हल्ली १५१० चा सुमार अधिक ग्राह्य मानतात.

या नावाखाली दोन कारागिरांचे काम मिसळले आहे. पॅरिसच्या शासकीय मुद्रणालयातील काही मातृका (खिळे ओतण्याचे साचे) एकोणिसाव्या शतकात गारामाँच्या ठरवल्या गेल्या आणि विसाव्या शतकात या वळणाची बरीच पुनरुज्जीवने त्यांवरून झाली. फ्रान्समधील सेदाँ शहराचा प्रॉटेस्टंट मुद्रक झाँ झानों याच्या १६२१ च्या नमुनापुस्तकाशी त्या जुळतात, हे मुद्रणाच्या अभ्यासक बिॲट्रिस वॉर्ड यांनी पॉल बोझों या टोपणनावाने १९२६ मध्ये दाखवले. या मातृका झानोंकडून जप्त झाल्याचे पूर्वी सांगत. १६४१ च्या सुमारास त्या विकत घेतल्याचे मत अधिक सबळ वाटते. खुद्द गारामाँची अक्षरे १५९२ च्या फ्रँकफुर्ट नमुनापत्रावर आणि अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात पाहता येतात.

झानोंच्या n, m, r यांचे वरचे सेरिफ उभट व खोलगट असतात. गारामाँचे वळण शांत, एकसारखे. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारे ‘गॅरामंड’ हे मोनोटाइप या फाँट-कंपनीचे, म्हणजे झानोंच्या परंपरेतले. शिशाच्या खिळ्यांवर शाई पसरून रेघ भरदार होई. ऑफसेटवर तसे होत नाही, म्हणून हे वळण बारीक आकारात फिकट पडते. ॲडोबीचे (१९८९) आणि विनामूल्य ईबी गॅरामंड गारामाँवर बेतलेले असून छपाईत अधिक टिकतात.

ठाणे-नवी मुंबईच्या डीटीपी केंद्रांत प्रबंध, स्मरणिका, द्विभाषिक लग्नपत्रिका यांसाठी ते चालते. फ्लेक्सला शोभत नाही. गडद रंगावर पांढरे छापल्यास e चे इवलेसे पोट शाईने बुजते. मजकूर चार रंगांच्या मिश्रणात न ठेवता निव्वळ काळ्यात ठेवावा, नाहीतर रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची नेमकी जुळणी) किंचित सरकले तरी कडा दुहेरी दिसतात. मराठीसोबत दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट देऊ नये: रोमन कॅपिटल शिरोरेषेच्या किंचित खाली राहील असा आकार धरावा. गॅरामंडच्या लहान रोमन अक्षरांची (a, e, x) उंची मुळातच कमी असल्याने ९ पॉइंटखाली उतरू नये. श्रीलिपी या मराठी टंकन-प्रणालीच्या युनिकोडपूर्व (जुन्या संकेतपद्धतीच्या) मजकुरात फक्त इंग्रजी शब्द निवडूनच फाँट बदलावा. त्या फाँटांत देवनागरी चिन्हे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. अख्खा परिच्छेद निवडला, तर मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.