ऑनलाइन व्यवहारांची कालप्रतिमाने

माणसे ई-मेल, संदेश, संपादन यांसारख्या कृती केव्हा करतात आणि दोन कृतींमध्ये किती अवधी जातो, याचे गणिती वर्णन. मजकुराचा आशय येथे विचारात घेतला जात नाही. हाती असतात त्या फक्त वेळेच्या नोंदी.

या अभ्यासाचे मूळ दूरध्वनीत आहे. डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीवरील कॉलचे आगमन प्वासाँ प्रक्रियेने मांडले. या प्रक्रियेत प्रत्येक घटना आधीच्या घटनेपासून स्वतंत्र असते, त्यामुळे फार लांब खंड क्वचितच पडतात. हजारो लोकांचे कॉल एकत्र मोजताना हे गृहीतक चांगले चालते. एकाच माणसाच्या नोंदी घेतल्या की मात्र ते कोसळते: तासाभरात दहा उत्तरे धाडणारा माणूस पुढे दोन दिवस गप्प असतो.

आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी २००५ मध्ये याचे कारण प्राधान्यक्रमात शोधले. माणूस तातडीचे काम आधी उरकतो; म्हणून बहुतेक कामे चटकन होतात आणि बिनमहत्त्वाची कामे अतोनात रखडतात. अशा अवधींची शक्यता घातनियमाने घटते, म्हणजे अवधी लांबत जातो तशी ती अवधीच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात कमी होते; त्या घाताचा आकडा म्हणजे घातांक. त्याच वर्षी झ्वाव ऑलिव्हेरा व बाराबाशी यांनी डार्विन आणि आइन्स्टाइन यांच्या आपापल्या पत्रव्यवहारातही घातनियम दाखवला. त्याचा घातांक मात्र ई-मेलच्या सुमारे १ ऐवजी ३/२ निघाला. कागदी पत्रांतही हेच दिसत असल्याने या सवयीचा दोष संगणकाला देता येत नाही.

२००८ मध्ये डीन माल्मग्रेन व सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली: झोप, कामाचे तास आणि सुट्टीचे वार हिशेबात धरले, तर दर बदलत राहणारी प्वासाँ प्रक्रियाही ई-मेलच्या नोंदींशी जुळते. हा आक्षेप वजनदार आहे, कारण घड्याळाकडे दुर्लक्ष करून मनाचे नियम काढणे धोक्याचे असते. तरी तो पुरता निर्णायक नाही. २०१२ मध्ये मोबाइल कॉलच्या नोंदींतून दैनिक व साप्ताहिक चक्र वजा केल्यावरही उसळ्या, म्हणजे थोड्या वेळात दाटलेल्या कृती आणि मग लांब खंड, उरल्या.

तिसरी वाट ॲलन हॉक्स यांच्या १९७१ च्या प्रक्रियेची. तीत प्रत्येक घटना पुढच्या घटनेची शक्यता काही काळ वाढवते. भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी वापरले जाणारे हे गणित संदेशांच्या प्रसारालाही लागू पडते.

उसळीचे माप साधे आहे: अवधींच्या प्रमाण विचलनातून (अवधी सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याच्या मापातून) त्यांची सरासरी वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे. ठरावीक ठोक्याने चालणाऱ्या यंत्राचे उत्तर −१, प्वासाँ प्रक्रियेचे ०, आणि अतिशय उसळत्या वर्तनाचे १ च्या जवळ येते. स्वयंचलित खाती ओळखायला याची मदत होते.

सर्व्हरची क्षमता ठरवण्यासाठीही ही प्रतिमाने लागतात. पण याच नोंदींतून माणूस कधी झोपतो हे कळते आणि राहण्याचा कालविभागही ताडता येतो, म्हणून आशय लपवला तरी वेळेच्या नोंदी जपायलाच हव्यात. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्याने पुणे आणि कोलकाता मात्र एवढ्यावरून वेगळे काढणे अवघड जाते.