संपादणूक तफावत (अमेरिकेतील शाळा-जिल्हे)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांत वांशिक व आर्थिक गटांच्या सरासरी गुणांमध्ये दीर्घकाळ आढळणारे अंतर. तेथे सुमारे १३,००० शाळा-जिल्हे (सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक प्रशासकीय विभाग) असून त्यांच्या निधीचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे वस्तीची संपन्नता आणि शाळेची साधने यांची सांगड जुनी आहे.

कारणांविषयीचा वाद मुख्यतः समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालापासून (१९६६) सुरू होतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये झालेल्या या पाहणीत सुमारे ४,००० शाळा व सहा लाखांवर विद्यार्थी होते. गुणांतील फरकाचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक आहे, हा तिचा निष्कर्ष. अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएल बोल्स व हेन्री लेव्हिन यांनी १९६८ मध्ये सांख्यिकी रीतीवरच आक्षेप घेतला. विश्लेषणात कौटुंबिक घटक आधी व शालेय घटक नंतर घेतले होते. सुस्थितीतील कुटुंबे आणि साधनसंपन्न शाळा बहुधा एकाच ठिकाणी असल्याने दोहोंचा सामायिक प्रभाव आधीच्या घटकाच्या खात्यात जमा होतो. क्रम बदलल्यास शाळेचा वाटा वाढतो. शिवाय पाहणी एकाच वेळची असल्याने तीत प्रगती मोजलेली नव्हती. हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो, तरी त्याने कुटुंबाचे महत्त्व खोडले जात नाही.

तफावत अटळ नाही. राष्ट्रीय चाचण्यांत सतरा वर्षांच्या श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधील वाचनाचे अंतर १९७१ मध्ये ५३ गुण होते, ते १९८८ पर्यंत २० वर आले. १९९० च्या दशकात पुन्हा वाढले. घटीचे श्रेय दक्षिणेतील शाळांच्या वांशिक एकत्रीकरणाला (श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळेत आणण्याला) द्यावे की पालकांच्या वाढत्या शिक्षणाला, याबाबत मतभेद आहेत. बहुधा दोहोंचाही हात असावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये (सॅन अँटोनियो वि. रॉड्रिगेझ) जिल्ह्यांमधील निधीची विषमता संघीय संविधानाशी विसंगत मानली नाही, तर १९७४ मध्ये (मिलिकेन वि. ब्रॅडली) उपनगरी जिल्ह्यांना डेट्रॉइटच्या एकत्रीकरण योजनेबाहेर ठेवले. दोन्ही निकाल ५-४ असे होते.

२००२ च्या संघीय कायद्याने गटवार निकाल जाहीर करणे बंधनकारक झाले. मात्र सरासरी गुणांवरून जिल्ह्याची पारख करणे अन्यायाचे आहे. समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांच्या विश्लेषणानुसार (२०१७) शिकागोतील विद्यार्थ्यांचे सरासरी गुण राष्ट्रीय सरासरीहून कमी असले, तरी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्यांची प्रगती सुमारे सहा वर्षांइतकी होती.