ब्रुसेला आहे, पण कोणता?

संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने उशी भिजते, सकाळी माणूस बरा दिसतो. कंबर आणि सांधे मात्र धरलेले. टायफॉइडची विडाल तपासणी होते, मलेरिया बघून होतो, टीबीची शंका घेऊन होते. मग कधीतरी कोणी विचारतं, "घरी गुरं आहेत का?" कारण हा ब्रुसेलोसिस असू शकतो: जनावरांकडून किंवा त्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणारा, ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार. माळव्यातल्या गावांमधून इंदूरला येणाऱ्या रुग्णाला हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. शहरातल्यांनाही, कारण धारोष्ण दूध 'ताकदीचं' म्हणून पिणारी मंडळी आपल्या मराठी घरांत अजून आहेत. (खरवसाला घाबरू नका. नीट उकडलेल्या चिकात हा जंतू तगत नाही.)

ब्रुसेलोसिसची प्राथमिक तपासणी अगदी साधी. पांढऱ्या टाइलवर रुग्णाच्या सीरमचा एक थेंब, शेजारी गुलाबी रंगवलेल्या मृत जंतूंचा एक थेंब. दोन्ही कालवायचे आणि टाइल चार मिनिटं हलकेच झुलवायची. नासलेल्या दुधासारखे बारीक कण दिसले, की रिपोर्ट पॉझिटिव्ह.

पण कोणता ब्रुसेला, हे ही टाइल सांगत नाही. शेळ्यामेंढ्यांचा मेलिटेन्सिस, गाईम्हशींचा अबॉर्टस आणि डुकरांचा सुइस, तिघांचं बाहेरचं आवरण इतकं सारखं, की सीरममधल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) फरक कळत नाही. कुत्र्यांच्या कॅनिसचं आवरण निराळं, म्हणून तो या तपासणीत सापडतच नाही. डेव्हिड ब्रूसला १८८७ मध्ये माल्टात सैनिकांच्या प्लीहेत एक जंतू सापडला, बर्नहार्ड बँगला १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये गाभडलेल्या गाईंत दुसरा. हे दोघे सख्खे नातलग आहेत हे अ‍ॅलिस इव्हान्सने दाखवलं १९१८ मध्ये!

औषध बहुतेक वेळा तेच असतं: सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला रिफाम्पिसिन किंवा इंजेक्शन. मग प्रजातीचं नाव कशाला? रुग्ण बरा होऊन त्याच गोठ्यात परत जातो म्हणून. मेलिटेन्सिस निघाला तर आधी शेळ्या तपासायच्या, अबॉर्टस निघाला तर गाईम्हशी. अर्थात शेळ्या आणि गाई एकाच छपराखाली असतील तर मेलिटेन्सिस गाईच्या दुधातही उतरतो. तेव्हा नावावरून दिशा कळते, निकाल लागत नाही. पुढचं काम गुरांच्या डॉक्टरचं. इंदूरला लागूनच महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण माणसाचा रिपोर्ट आपणहून तिथे चालत जात नाही.

नाव शोधण्याची एक युक्ती मला फार आवडते. ब्रुसेलाच्या डीएनएत 'आयएस ७११' नावाचा एक तुकडा ठिकठिकाणी घुसलेला असतो, आणि त्याच्या काही जागा प्रजातीप्रमाणे बदलतात. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणं; त्याचं एक टोक या तुकड्यावर रोवायचं, दुसरं त्या-त्या प्रजातीतल्या शेजारच्या भागावर. मधलं अंतर अबॉर्टसमध्ये ४९८ अक्षरं, मेलिटेन्सिसमध्ये ७३१. हे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टी कुठे थांबली ते पाहिलं, की नाव हाती आलं.

कल्चरमधूनही, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवूनही, प्रजाती कळते, पण हा जंतू सावकाश वाढतो आणि हवेतून प्रयोगशाळेतल्या माणसालाच धरतो. काही तयार किट त्याला भलतंच, निरुपद्रवी नाव देतात, मग टेक्निशियन बेसावध राहतो. म्हणून रक्ताच्या बाटलीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'ब्रुसेलाची शंका' असं ठळक लिहावं. आणि घरच्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं: शेळी गाभडली होती का, तिची वार कोणी हाताने काढली, दूध न तापवता कोण प्यायलं.