घरचं इंटरनेट घेण्याआधी: रत्नागिरीजवळच्या नाचणे, कुवारबाव, खेडशी, मिरजोळे परिसरातील ग्राहकांसाठी

आम्ही कॅमेरे आणि राऊटर बसवतो, कुठल्याच कंपनीचं इंटरनेट विकत नाही. तरी दुकानात हमखास विचारलं जातं, “जिओ घेऊ, एअरटेल घेऊ की बीएसएनएल?” आमचा उलटा प्रश्न असतो: तुमच्या वाडीत पावसाळ्यात तुटलेली लाइन जोडायला कोण येतं, आणि किती दिवसांनी?

फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं इंटरनेट, घरापर्यंत येत असेल तर तेच घ्या. पण इथली बरीचशी वायर खांबांवरून आणि झाडांतून ओढलेली असते. माडाची झावळ पडली, रस्त्याच्या कामात जेसीबी लागला, की संपलं. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार चालवतात. त्यामुळे एकाच कंपनीची सेवा या वाडीत उत्तम आणि पलीकडच्या वाडीत रडतखडत, असं होऊ शकतं. जाहिरात वाचण्यापेक्षा शेजाऱ्याला जुलैतला अनुभव विचारा.

जिथे वायर पोचत नाही तिथे एअरफायबर. छपरावरचं यंत्र ५जी टॉवरवरून सिग्नल घेतं. जोडणी लवकर होते, वायर तुटायची भीती नाही. मात्र टॉवर सगळ्यांचा एकच. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की त्याच टॉवरवर शेकडो मोबाइल वाढतात, वेग उतरतो. तीन वाड्यांचे पाहुणे एकदम रील्स बघायला बसले तर दुसरं काय होणार! घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. बसवण्याआधी संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास त्याच कंपनीच्या ५जी मोबाइलवर, शक्यतो छपरापाशी उभं राहून, वेग तपासा.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून मेगाबाइट १०० नव्हे, साडेबारा. चार माणसांच्या घराला तेवढे पुरतात. कॅमेऱ्याचं चित्र मुंबईत बसून बघायचं असेल तर अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याचा, वेग वेगळा विचारा, जाहिरातीत बहुधा डाउनलोडचाच असतो. ‘अनलिमिटेड’लाही महिन्याची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग कमी होतो. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही बघा.

“नेट स्लो आहे” म्हणून आम्हाला बोलावतात, तेव्हा अनेकदा दोष जांभ्याच्या भिंतींचा निघतो. ५ गीगाहर्ट्झचं वायफाय दोन चिरेबंदी भिंतींपलीकडे फार टिकत नाही. राऊटर पडवीच्या कोपऱ्यात न ठेवता माजघरात ठेवा. मोठ्या घरात दुसरा राऊटर लॅन वायरने जोडलेला बरा.

वीज गेल्यावर राऊटर चालू ठेवायला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. आधी राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचाच आहे ना, ते पाहा. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही, पण अडॅप्टरमधून येतो. एअरफायबरच्या छपरावरून उतरणारी वायर तर तांब्याचीच असते. गडगडाट जवळ येण्याआधीच दोन्ही काढून ठेवा.

नव्या कंपनीचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरू नका. आधी महिन्याचं घ्या, शक्यतो जूनमध्ये. दुकानात येताना घराच्या खोल्यांचा कच्चा नकाशा आणि समोरच्या खांबाचा फोटो आणा. राऊटर कुठे बसवायचा ते सांगू, त्याचे पैसे नाहीत.